हजेरीपटापासून आत्मकथनापर्यंत : शांताबाई कांबळे आणि 'पहिली' या शब्दापलीकडचा इतिहास

(१)
आजचा दीर्घ धागा एका शिक्षिकेविषयी आहे. शांताबाई कृष्णाजी कांबळे. जन्म १ मार्च १९२३, सोलापूर जिल्ह्याच्या सांगोला तालुक्यातील महूद या गावी, एका महार कुटुंबात. निधन जानेवारी २०२३ मध्ये, वयाची शंभरी काही आठवड्यांवर आलेली असताना. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे त्यांचे आत्मकथन. दलित स्त्रीने मराठीत लिहिलेले पहिले आत्मकथन म्हणून त्याचा उल्लेख होतो. बहुतेक टिपणे याच वाक्यावर संपतात. माझ्या मते खरा इतिहास या वाक्याच्या अलीकडे आहे, आणि तो शाळेच्या वर्गात घडलेला आहे.

(२)
आधी कालक्रम नीट मांडू. १९४२ साली शांताबाई सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका झाल्या. १९८१ साली त्या शिक्षण खात्याच्या सेवेतून निवृत्त झाल्या. १९८३ पासून त्यांचे लेखन 'पूर्वा' मासिकातून क्रमशः येऊ लागले आणि १९८६ मध्ये ते ग्रंथरूप झाले. १९९० साली मुंबई दूरदर्शनवर त्यावर आधारित 'नाजुका' ही मालिका दाखविली गेली. नोकरीचा आरंभ आणि निवृत्ती यांत एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे. या एकोणचाळीस वर्षांना आपल्या टिपणांत जागा मिळते ती तीन शब्दांची : 'त्या शिक्षिका होत्या.' या तीन शब्दांत काय काय दडलेले आहे, ते आज पाहू.

(३)
शांताबाईंचे जन्मवर्ष महत्त्वाचे आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली अथवा चालविलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने ही सर्व ठिकाणे अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुली असावीत, असा त्याचा आशय होता. महूदच्या महारवाड्यातली ती मुलगी तेव्हा पाच महिन्यांची होती. कागदावर शाळेचे दार तिच्यासाठी उघडले होते. कागद आणि उंबरठा यांत किती अंतर असते, हे १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर साऱ्या महाराष्ट्राला कळले. तेथील नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तरी पाण्याला हात लावणाऱ्यांना मार खावा लागला.

(४)
शाळांची स्थिती याहून वेगळी नव्हती. अस्पृश्य मुलांना वेगळे बसविणे, त्यांच्या पाटीला हात न लावता लांबून तपासणे, पिण्याच्या पाण्यासाठी त्यांना तिष्ठत ठेवणे, हे त्या काळच्या असंख्य आठवणींतून आलेले आहे. त्यातही मुलगी असेल तर दुहेरी अडसर. घरात भाकरीची भ्रांत असताना मुलीला वर्षानुवर्षे शाळेत धाडणे हा आईबापांच्या दृष्टीने मोठा त्याग असे. मुलगी शिकली की तिचे कौतुक आपण तिच्या जिद्दीचे करतो. त्या जिद्दीमागे दोन उपाशी माणसांनी घेतलेला निर्णय असतो, हे इतिहासाने नोंदविले पाहिजे.

(५)
आता नकाशावर उत्तरेकडे या. त्याच १९२३ साली आपल्या गंगापूर तालुक्यातल्या एखाद्या महारवाड्यात अथवा मांगवाड्यात जन्मलेल्या मुलीचे काय झाले असते? गंगापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात होते. बोले ठरावाचा अंमल गोदावरीच्या या काठापर्यंत पोहोचत नव्हता. माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचे माध्यम प्रामुख्याने उर्दू. मराठी बोलणाऱ्या शेतमजुराच्या लेकीला शाळा म्हणजे जातीच्या भिंतीमागे भाषेची आणखी एक भिंत. ३० डिसेंबर १९३८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कन्नड तालुक्यातील मक्रणपूरच्या परिषदेला आले, तेव्हा मराठवाड्यातल्या अस्पृश्य समाजाला आपल्या हक्कांची भाषा समोरासमोर ऐकायला मिळाली. औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचा आरंभ मात्र १९५० चा.

(६)
ही तुलना कशासाठी? एकाच वयाच्या, एकाच जातीच्या, एकाच भाषेच्या दोन मुली. एक नदीच्या आणि सरहद्दीच्या पलीकडे, दुसरी अलीकडे. पहिलीला १९४२ मध्ये नोकरी मिळू शकली. दुसरीच्या तालुक्यात सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. गुण आणि जिद्द समान धरली तरी निकाल वेगळा लागतो. म्हणून 'प्रतिभा कुठेही उगवते' हे विधान मला अर्धवट वाटते. तिला उगवायला शाळा, परीक्षा, पगार आणि छापखाना लागतो. शांताबाईंचे आयुष्य या चारही गोष्टी कोणत्या क्रमाने हाती आल्या, हे दाखविणारा एक दुर्मीळ पुरावा आहे.

(७)
नोकरीकडे येऊ. त्या काळच्या मुंबई प्रांतात मराठी सातवीची परीक्षा 'व्हर्नाक्युलर फायनल' म्हणून ओळखली जाई आणि ती उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षक होता येई. आज सातवी म्हटले की आपल्याला लहान मूल आठवते. तेव्हा ती परीक्षा म्हणजे गावगाड्यातून बाहेर पडण्याचा दाखला होता. बलुत्याच्या व्यवस्थेत मोबदला धान्याच्या रूपाने, खळ्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने मिळे. शिक्षकाचा पगार महिन्याच्या ठरलेल्या दिवशी, सही करून, रोख मिळे. महारवाड्यातल्या स्त्रीच्या हाती स्वतःच्या सहीने येणारा पैसा ही त्या पिढीतली फार मोठी घटना आहे. राजकीय क्रांतीच्या तारखा आपण पाठ करतो. पगारपत्रकावरच्या पहिल्या सहीची तारीख कोणी विचारत नाही.

(८)
शाळेत गेल्यावरचे चित्र मात्र सरळ नव्हते. शिक्षकाला गावात राहावे लागे. खोली कोण देणार, पाणी कुठून भरायचे, ज्यांच्या घरात शिक्षिकेला प्रवेश नाही त्यांची मुले वर्गात तिच्यासमोर बसणार, हा पेच प्रत्येक बदलीबरोबर नव्याने उभा राही. विचार करा : सकाळी वर्गात 'बाई' म्हणून मान आणि संध्याकाळी पाणवठ्यावर लांब उभे राहण्याची सक्ती. एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच देहाला मिळणाऱ्या या दोन वागणुका. समाजशास्त्राचे जाड ग्रंथ वाचून जे उमगते, ते त्या काळच्या दलित शिक्षकाला दिवसातून दोनदा अनुभवाला येई.

(९)
शांताबाईंचे लहानपणचे नाव नाजुका, घरात नाजा. कृष्णाजी कांबळे हे त्यांचे पती, तेही शिक्षक. पतीने दुसरे लग्न केले तेव्हा नाजा माहेरी निघून आली. पुढे संसार पुन्हा सांधला गेला. हा सारा भाग त्यांनी आत्मकथनात लिहिला आहे. मला येथे विशेष वाटते ते त्यांचे मोजून बोलणे. जातीने दिलेले दुःख सांगताना त्या घरातल्या पुरुषाने दिलेले दुःख लपवीत नाहीत, आणि ते सांगताना त्या माणसाला खलपुरुषही करीत नाहीत. पुरुषांनी लिहिलेल्या दलित आत्मकथनांतून स्त्री येते ती बहुधा सोसणारी आई म्हणून. येथे ती सोसणारी आहेच, आणि निर्णय घेणारीही आहे.

(१०)
१९५२ मध्ये त्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी पुण्यास आल्या. १९५७ मध्ये सांगली भागातील जत तालुक्यात त्या शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. जत म्हणजे कर्नाटकाच्या सीमेवरचा अवर्षणप्रवण तालुका. मराठीच्या शेजारी कन्नड बोलली जाणारी वस्ती. ज्या मुलीला शाळेच्या आत बसण्याचा अधिकार तिच्या जन्मवर्षी ठरावाने द्यावा लागला, ती चौतिसाव्या वर्षी शाळा तपासायला निघाली. गावोगाव जाणे, हजेरी पाहणे, मुलांना प्रश्न विचारणे, शेरेपुस्तकात शेरा लिहिणे, हे तिचे काम. शेरेपुस्तकातला तो शेरा हेही लेखनच होते, आणि त्यावर मुख्याध्यापकाला अंमल करावा लागे.

(११)
आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. शिक्षक दिवसभर लिहीत असतो. हजेरीपट, जनरल रजिस्टर, दाखले, पटनोंदणीच्या याद्या, शेरे. जनरल रजिस्टरच्या एका ओळीत मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि शाळा सोडल्याचे कारण येते. गावातल्या असंख्य माणसांच्या आयुष्यातली ती पहिली लेखी नोंद होती. पुष्कळांच्या बाबतीत ती अखेरचीही. आपल्याकडच्या जुन्या पिढीत १ जून ही जन्मतारीख इतक्या लोकांची का, हे ठाऊक आहे ना? शाळेत नाव घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे. मग गुरुजी जूनची पहिली तारीख लिहीत. माणसाचा जन्म कागदावर कसा येतो, हे शिक्षकाइतके जवळून कोणी पाहिलेले नाही.

(१२)
शाळा सोडल्याच्या कारणांचा रकाना तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. 'सतत गैरहजर'. या दोन शब्दांमागे ऊसतोड, सुगी, धाकटे भावंड सांभाळणे, लग्न, दुष्काळ यांपैकी काहीही असू शकते. रकान्यात मावत नाही ते शिक्षकाच्या मनात साठत जाते. शांताबाईंच्या बाबतीत हा साठा दुहेरी होता. रकान्यातल्या मुलीच्या जागी त्या स्वतः सहज असू शकल्या असत्या, याचे भान त्यांना रोज होते. निवृत्तीनंतर त्यांनी जे लिहिले, ते मला त्या अरुंद रकान्याबाहेर राहिलेले लेखन वाटते.

(१३)
पुस्तकाची घडण पाहा. लहान लहान प्रसंग, साधी वाक्ये, एकानंतर एक येणाऱ्या घटना. मोठ्या भाष्याचा सोस नाही. समीक्षेत याला 'अनलंकृत अनुभवकथन' म्हणण्याची पद्धत आहे. मला हे वर्णन अपुरे वाटते. चौथीच्या वर्गाला गोष्ट सांगणारी व्यक्ती नेमके हेच करते : काय घडले ते क्रमाने सांगते, अवघड शब्द टाळते, तात्पर्य मुलांना काढू देते. चाळीस वर्षे जिने ही कला रोज वापरली, तिच्या साधेपणाला अनघड म्हणणे म्हणजे सुताराच्या गुळगुळीत फळीला 'झाडच तसे होते' असे म्हणण्यासारखे आहे.

(१४)
आणि मग शीर्षक. 'माज्या जल्माची चित्तरकथा'. यातला प्रत्येक शब्द एखाद्या विद्यार्थ्याने निबंधाच्या वहीत लिहिला असता, तर लाल शाईने दुरुस्त झाला असता : माझ्या, जन्माची, चित्रकथा. शांताबाई त्या लाल शाईच्या बाजूला उभ्या होत्या. प्रमाण मराठी शिकविणे हीच त्यांची नोकरी होती. शुद्धलेखन त्यांना येत होते, इतकेच नव्हे, दुसऱ्यांचे तपासण्याचा अधिकार त्यांना होता. अशा व्यक्तीने आपल्या आयुष्याचे नाव माहेरच्या बोलीत ठेवणे हा अपघात नाही. ती तिने केलेली निवड आहे, आणि आत्मकथनातला सर्वांत ठाम विचार मला या तीन शब्दांत दिसतो.

(१५)
यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. १९७० च्या दशकापासून दलित साहित्यात बोलीचा वापर रूढ झालाच होता. मग शांताबाईंच्या निवडीत विशेष ते काय? विशेष हे की बहुतेक लेखक शाळेच्या भाषेविरुद्ध बंड करीत होते, तर ही लेखिका शाळेतूनच आली होती. तिने शाळेची भाषा नाकारली नाही. मुलांना प्रमाण भाषा दिली, कारण नोकरी, अर्ज, न्यायालय यांचे दार त्या भाषेने उघडते. स्वतःचे दुःख मात्र ज्या भाषेत भोगले त्याच भाषेत लिहिले. दोन्ही भाषांची किंमत जिला नेमकी माहीत होती, तिचा हा व्यवहार आहे. 'बोली की प्रमाण' या आजच्या वादात इतकी शहाणी भूमिका मला क्वचित दिसते.

(१६)
शिक्षकी पेशा हा लेखनाचा एकमेव मार्ग होता, असे मी म्हणत नाही. फलटणच्या बेबीताई कांबळे (१९२९–२०१२) यांनी किराणा दुकान चालविले. पुड्या बांधण्यासाठी आलेली रद्दी वाचीत त्यांनी वाचनाची भूक भागविली आणि घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे लेखन केले. त्यांचे 'जिणं आमुचं' १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून प्रसिद्ध होऊ लागले व १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. म्हणजे 'पहिले कोणाचे' हा वाद मासिकाची तारीख धरायची की पुस्तकाची, यावर येऊन थांबतो. मला तो वाद फारसा फलदायी वाटत नाही. दोन भिन्न वाटांनी चाललेल्या दोन स्त्रिया एकाच दशकात छापखान्याच्या दारी पोहोचल्या, ही वस्तुस्थिती अधिक बोलकी आहे.

(१७)
तिसरे नाव नागपूरच्या कुमुद पावडे (१९३८–२०२३) यांचे. त्यांनी संस्कृतमध्ये एम.ए. केले आणि त्या संस्कृतच्या प्राध्यापिका झाल्या. १९८१ मध्ये त्यांचे 'अंतःस्फोट' प्रसिद्ध झाले. माहेरच्या सोमकुंवर या आडनावाने अर्ज करताना नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर पावडे हे आडनाव लागले आणि मग नोकरी मिळाली. ही गोष्ट त्यांनी स्वतःच कमालीच्या परखडपणे सांगितली आहे. गुणवत्ता तीच, पदवी तीच, बदलले ते आडनाव. जी भाषा त्यांच्या पूर्वजांना ऐकण्याचीही मनाई होती, ती त्या शिकवीत होत्या. अध्यापनाने त्यांना प्रतिष्ठा दिली आणि त्या प्रतिष्ठेची घडण कशी असते तेही दाखविले. या दुसऱ्या धड्यातून त्यांचे लेखन निघाले.

(१८)
ही वाट जगात अन्यत्रही दिसते. अमेरिकेतील फ्रान्सिस एलेन वॉटकिन्स हार्पर (१८२५–१९११) या कृष्णवर्णीय स्त्रीने १८५० च्या सुमारास ओहायोत अध्यापन केले, पुढे ते सोडून गुलामगिरीविरुद्ध व्याख्याने देत देशभर फिरली, कविता लिहिल्या आणि १८९२ मध्ये 'आयोला लिरॉय' ही कादंबरी प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ॲना ज्युलिया कूपर यांचा 'अ व्हॉइस फ्रॉम द साउथ' हा निबंधसंग्रह आला. कूपर गुलामीत जन्मल्या, वॉशिंग्टनच्या एम स्ट्रीट हायस्कूलमध्ये त्यांनी शिकविले, तेथे त्या मुख्याध्यापिका झाल्या, आणि १९२५ मध्ये वयाच्या सहासष्टाव्या वर्षी पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. कृष्णवर्णीय शिक्षित स्त्रीला त्या काळी जे मोजके सन्मान्य व्यवसाय खुले होते, त्यांत अध्यापन अग्रस्थानी होते. येथेही तेच, तेथेही तेच.

(१९)
परंतु ही वाट नेहमी वर्गातून पुस्तकाकडे सरळ जात नाही. जेसी रेडमन फॉसेट (१८८२–१९६१) यांनी त्याच वॉशिंग्टनच्या शाळेत फ्रेंच व लॅटिन शिकविले. १९१९ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या 'द क्रायसिस' नियतकालिकाच्या साहित्य संपादक झाल्या आणि हार्लेममधल्या एका अख्ख्या पिढीचे लेखन त्यांच्या हातून पुढे आले. चार कादंबऱ्याही लिहिल्या. तरी उपजीविकेसाठी त्यांना पुन्हा शाळेतच शिकवावे लागले. टोनी मॉरिसन (१९३१–२०१९) यांनी विद्यापीठात शिकविले, प्रकाशनसंस्थेत संपादन केले, दोन मुले वाढविली आणि एकोणचाळिसाव्या वर्षी, १९७० मध्ये, त्यांची पहिली कादंबरी आली. १९९३ मध्ये नोबेल मिळाले. वेळ आणि पैसा यांचे गणित कुठल्याही प्रतिभेला चुकलेले नाही.

(२०)
ही तुलना ओढूनताणून आणलेली नाही; तिला आपल्या इतिहासात आधार आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. फॉसेट ज्या 'क्रायसिस'मध्ये काम करीत, त्याचे हेच संस्थापक-संपादक. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी औरंगाबादच्या मिलिंद परिसरात कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा रुजविली; तेथूनच गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी १९७८ मध्ये अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. गंगापूरहून सकाळच्या एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर ही जागतिक देवघेव चालली होती.

(२१)
१९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली. तिच्या आघाडीच्या नेत्यांत अरुण कांबळे होते : कवी, प्राध्यापक आणि शांताबाईंचे चिरंजीव. मुलगा विशीत साहित्यिक व नेता म्हणून ओळखला गेला. आईचे पुस्तक तिच्या त्रेसष्टाव्या वर्षी आले. साहित्याच्या इतिहासात मुलगा आधी आणि आई नंतर. आयुष्याच्या इतिहासात मात्र आईचा पगार, आईची शाळा, आईवडील दोघेही शिक्षक असलेले घर हे आधी. पिढ्यांचा हा उलटा क्रम केवळ एका कुटुंबाचा नाही. दलित साहित्याच्या पहिल्या लाटेत पुरुष ठळक दिसतात, याचे एक कारण स्त्रियांना लिहिण्यासाठी निवृत्तीपर्यंत थांबावे लागले, हेही आहे.

(२२)
म्हणून मी शिक्षकी पेशाचे निव्वळ गुणगान करणार नाही. १९४२ ते १९८१ ही वर्षे शांताबाईंना घडविणारी होती, आणि त्यांना गप्प ठेवणारीही होती. नोकरी, बदल्या, मुले, स्वयंपाक यांतून उरलेला वेळ किती असेल? तिकडे १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. तिचे दुसरे लिखाण आज उपलब्ध नाही. आधी लिहून नंतर मौनात गेलेली मुक्ता आणि आधी मौन राहून नंतर लिहिणाऱ्या शांताबाई, या दोघींच्या मध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहे. या काळात शाळेत गेलेल्या, शिकविलेल्या आणि काहीही न लिहिता गेलेल्या स्त्रिया किती, याची मोजदाद आपल्यापाशी नाही.

(२३)
एक दिलासा सावित्रीबाईंचा आहे. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शिकवू लागल्या आणि १८५४ मध्ये 'काव्यफुले' प्रसिद्ध झाले. अध्यापन आणि लेखन हातात हात घालून चालू शकते, हे त्यांनी तेव्हाच दाखविले. त्यांना सोबत होती ती शाळेला आणि लेखनाला समान मान देणाऱ्या सहचराची. शांताबाईंच्या वाट्याला तशी सोबत सहजासहजी आली नाही. त्यांना वेळ दिला तो निवृत्तीने आणि निर्धास्ती दिली ती निवृत्तिवेतनाने. मराठी साहित्याच्या इतिहासात निवृत्तिवेतनावर कोणी प्रकरण लिहिलेले नाही. लिहायला हवे.

(२४)
आता तुमच्याकडे वळतो. १९६५ च्या सुमारास विशीत नोकरीला लागलेली शिक्षिका आज ऐंशीच्या घरात आहे. गंगापूर, लासूर, वाळूज, वैजापूर, खुलताबाद या पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झालेल्या अशा बाई तुमच्या ओळखीत असतील. कोणाच्या आजी असतील. निजामाच्या राज्यात जन्मलेली, स्वतंत्र मराठवाड्यात शिकलेली आणि दुष्काळाच्या वर्षांत शाळा चालविलेली ही अखेरची पिढी. किल्ल्यांचे दगड आणखी दोनशे वर्षे राहतील. या बाईंची आठवण तितका काळ थांबणार नाही.

(२५)
त्यांच्याकडे जाल तेव्हा चार गोष्टी करा. पहिली नेमणूक कुठे, खोली कोणी दिली, पाणी कुठून भरले, पहिल्या पगारातून काय घेतले, असे लहान प्रश्न विचारा. 'संघर्षाविषयी सांगा' असा मोठा प्रश्न माणसाला गप्प करतो. सेवापुस्तक आणि जुने फोटो परवानगीने पाहा. त्या ज्या बोलीत बोलतील त्याच बोलीत उतरवा, 'जल्म'चा 'जन्म' करू नका. आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखविल्याशिवाय, त्यांनी होकार दिल्याशिवाय कुठेही प्रसिद्ध करू नका. आयुष्य त्यांचे आहे. आपण फक्त लेखनिक.

(२६)
समारोपाला माझे मत पुन्हा एकदा. शांताबाई कांबळे यांना 'पहिली' म्हणून मान द्यायला माझी हरकत नाही. पण पहिलेपण हा एका दिवसाचा मान असतो, आणि त्यांच्या लेखनामागे एकोणचाळीस वर्षांची नोकरी, दोन भाषांचे भान आणि हजारो मुलांची नावे लिहिलेला हात आहे. तो हात पाहिला म्हणजे पुस्तक वेगळे वाचता येते. ग्रंथालयात मिळाले तर 'चित्तरकथा' जरूर वाचा, आणि वाचून झाल्यावर गावातल्या एखाद्या निवृत्त बाईंच्या घरी जा.

धागा येथे पूर्ण झाला. आपल्या तालुक्यातल्या अशा शिक्षिकेविषयी काही ठाऊक असेल, तर त्यांच्या संमतीने अवश्य लिहा. पुढचा धागा शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरांचा इतिहासाचे साधन म्हणून कसा उपयोग करावा, यावर असेल.